एक गाडी, दोन हप्ते आणि बेवारस चालक

दिल्लीतील नेमणुकीच्या काळात मी गुरुग्रामला राहू लागलो. त्याच सुमारास पुण्यात माझ्या थोरल्या बंधूंची दृष्टी अधू झाली आणि त्यांनी गाडी चालवणे सोडले. "दारात उभी राहून गंजण्यापेक्षा तुझ्याकडे असू दे," असे म्हणून दादांनी ती माझ्याकडे पाठवून दिली. एम.एच. १२ क्रमांकाची ही गाडी नोंदणी प्रमाणपत्रावर दादांची, रोजच्या वापरात माझी आणि रविवारी पुतण्याची. भावाभावांत गाडीचे भाडे ठरत नाही, करारपत्रही होत नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांत अशी एखादी "घरची" गाडी असते.

गाडी आल्यावर पंधरा दिवसांतच सोसायटीत येणाऱ्या एका एजंटाने मला सांगितले की, पुण्यात काढलेली पॉलिसी हरियाणात अडचणीची ठरते. शिवाय चालवणार तुम्ही, तेव्हा इथली एक वेगळी पॉलिसी असलेली बरी. नोंदणी दादांच्या नावे असल्याने पॉलिसीही त्यांच्याच नावे निघाली. पत्ता व दूरध्वनी तेवढा माझा. मी हप्ता भरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायली बारकाईने वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरची पॉलिसी उघडूनही पाहिली नाही, हा दोष मी आधीच कबूल करतो.

आठ महिन्यांनी इफ्को चौकाजवळ मागून एका वाहनाने धडक दिली आणि ते निघून गेले. दुरुस्तीचा अंदाज निघाला ४२ हजारांचा. पहिल्या कंपनीने विचारले, दुसरा विमा आहे काय? मी प्रामाणिकपणे "आहे" म्हटले आणि त्या दिवसापासून माझी फाईल दोन कार्यालयांत हेलपाटे घालू लागली. दोन सर्व्हेअर दोन वेगळ्या दिवशी आले. प्रत्येक कंपनीने दुसरीच्या निर्णयाची प्रत मागितली. पाच आठवडे गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली. अखेर नेहमीची वजावट होऊन रक्कम निम्मी-निम्मी मिळाली आणि दादांनी पाच वर्षे जपलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनसही गेला. हप्ते दोन भरले, भरपाई मिळाली एका पॉलिसीची, आणि तीही उशिरा.

कंपन्यांनी मला फसवले असे मी म्हणणार नाही. विम्याचे मूळ तत्त्वच असे आहे की, झालेले नुकसान भरून मिळावे, त्यातून कमाई होऊ नये. म्हणून आपल्याकडील वाहन पॉलिसीत स्पष्ट अट असते की, त्याच नुकसानीसाठी दुसरा विमा असल्यास कंपनी आपल्या वाट्यापुरतीच रक्कम देईल. एजंटाचे विधानही निराधार होते. वाहनाची पॉलिसी भारतभर चालते, आणि वैध परवाना असलेला कोणीही मालकाच्या संमतीने गाडी चालवीत असला तरी ती लागू राहते. म्हणजे दादांची पुण्याची पॉलिसी गुरुग्रामला माझ्या हातातही पूर्णपणे सजीव होती. तेव्हा दुसरी पॉलिसी घेऊन मी विकत घेतले ते काय? केवळ पाच आठवड्यांचा पत्रव्यवहार!

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एका गाडीवर दोन विमापत्रे असणे नेहमीच चूक नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागू लागला; आणि १ सप्टेंबर २०१९ पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा, हवा तर दुसऱ्या कंपनीकडून, घेण्याची सोय झाली. या दोन पॉलिसी दोन निराळ्या जोखमींच्या असतात. माझ्याकडे होत्या त्या मात्र एकाच जोखमीच्या दोन.

आता प्रशासनाचा प्रश्न. २००२ सालच्या मोटार टॅरिफमध्येच असा नियम आहे की, एकाच वाहनावर दोन कंपन्यांच्या समान पॉलिसी असतील तर नंतर सुरू झालेली रद्द करावी आणि उरलेल्या मुदतीचा हप्ता परत करावा. याचा अर्थ, असे दुहेरी विमे निघतात हे नियम करणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही नियमाची अंमलबजावणी कोणावर सोपवली? ग्राहकावर! त्याने चूक ओळखावी, त्याने अर्ज करावा, त्याने पैसे मागावेत. एके काळी याला पर्याय नव्हता, कारण पुण्याच्या कार्यालयातील कागद गुरुग्रामच्या कार्यालयाला दिसत नसे. आज पॉलिसीची मुदत "वाहन" या राष्ट्रीय प्रणालीत नोंदली जाते. चौकात उभा असलेला पोलीस गाडीचा क्रमांक टाकून विमा आहे की नाही ते पाहू शकतो. दंड करणाऱ्याला जे दिसते, ते हप्ता घेणाऱ्याला दिसू नये, हे तंत्रज्ञानाचे अपयश नव्हे. तपासणी कोणाच्या सोयीसाठी उभारायची, याचा तो निर्णय आहे.

परंतु चार-पाच हजार रुपयांचा वाया गेलेला हप्ता ही या प्रकरणातील सर्वांत लहान गोष्ट आहे. मी दुसरी पॉलिसी का घेतली? "चालवणारा मी, तेव्हा माझे संरक्षण व्हावे," या भावनेने. आणि नेमके तेच दोन्ही पॉलिसींत नव्हते. सोबतचे अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण "मालक-चालक" याच्यासाठी असते. म्हणजे ज्याच्या नावे नोंदणी आहे, पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे परवाना आहे, त्याच्यासाठी. त्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाखांपर्यंत वाढवली गेली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण आमच्या घरी मालक पुण्यात आरामखुर्चीत, आणि चालक राष्ट्रीय महामार्ग ४८ वर!

मग अशा चालकाच्या वारसांनी निदान त्रयस्थ पक्ष म्हणून तरी भरपाई मागावी की नाही? सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, उसनी मोटारसायकल चालवताना बैलगाडीवर आदळून मृत्यू पावलेल्या एका व्यक्तीच्या प्रकरणात म्हटले की, वाहन मागून घेणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो. म्हणून कलम १६३-अ खाली त्याच मालकाकडून वा त्याच्या विमा कंपनीकडून त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० मध्ये अशाच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली आणि पॉलिसीतील मालक-चालकाच्या तरतुदीनुसार एक लाख रुपये तेवढे देवविले. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या एका खंडपीठाने या भूमिकेविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. न्यायालय ठरवील ते ठरवील. पण जे एका ओळीच्या नियमाने होऊ शकते, त्यासाठी विधवांनी आणि अनाथ मुलांनी वर्षानुवर्षे खटले का चालवावेत?

विसंगती पाहा. जबाबदारी टाळायची असेल तेव्हा उसनी गाडी चालवणारा "मालकासारखा" ठरतो. पण मालकाच्या अपघात संरक्षणाची १५ लाखांची रक्कम मागायला गेल्यास पॉलिसीतील अट सांगते की, नोंदणी तुमच्या नावे नाही, तुम्ही मालक नव्हे. आणि शिक्षेच्या वेळी? मोटार वाहन कायद्याचे कलम १९६ विम्याशिवाय गाडी "जो कोणी चालवील" त्याचे नाव आधी घेते, मालकाचे नंतर. पहिल्या गुन्ह्याला २ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे दंडापुरता चालक अस्तित्वात आहे, भरपाईपुरता तो बेवारस आहे.

विमा क्षेत्रातील मंडळी म्हणतात, गाडी कोण चालवील हे आधी कसे कळणार? सगळ्यांनाच संरक्षण दिले तर खोटे चालक उभे केले जातील. ही भीती निराधार नाही. परंतु त्रयस्थाच्या भरपाईसाठी "मालकाच्या संमतीने चालवणारा परवानाधारक" ही व्याख्या आजही रोज वापरली जाते. तेथे तिची भीती वाटत नाही. शिवाय जुन्या टॅरिफच्या पंधराव्या पुरवणीत नाव नोंदवलेल्या व्यक्तीला वैयक्तिक अपघात संरक्षण देण्याची सोय आहेच. माझ्या एजंटाने मला दुसरी पॉलिसी विकली, ही पुरवणी सांगितली नाही. दुसऱ्या पॉलिसीवर त्याला मोबदला मिळतो, पुरवणीच्या एका ओळीवर काय मिळणार?

माझ्या मते तीन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. पहिली, गाडीचा क्रमांक टाकताच त्याच जोखमीची चालू पॉलिसी दिसली तर नवी निघूच नये, आणि चुकून निघाली तर अर्जाविना हप्ता परत व्हावा. दुसरी, अनिवार्य अपघात संरक्षण "मालक-चालक" याऐवजी "मालक किंवा त्याच्या संमतीने चालवणारा परवानाधारक" याला मिळावे. त्यासाठी हप्ता थोडा वाढला तरी चालेल. तिसरी, प्रस्ताव-अर्जातच "घरातील आणखी कोण चालवतो" असा रकाना असावा आणि तो ग्राहकाच्या भाषेत असावा. दूर नोकरी करणाऱ्यांचा विचार सरकारला करताच येत नाही असे नाही. २०२१ मध्ये बी.एच. मालिका काढून बदलीच्या नोकरीतील माणसाची राज्याराज्यांतील फेरनोंदणीतून सुटका केली गेली. पण तिथेही विचार झाला तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचाच. पुण्याच्या भावाची गाडी वापरणारा माणूस कोणाच्याच आराखड्यात नाही.

दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर कलम ४७ नुसार तेथील नोंदणी घ्यावी लागते. ती मुदत संपण्याआधी मी पुण्याहून ना-हरकत प्रमाणपत्र आणवले, गाडी माझ्या नावावर करून घेतली आणि पॉलिसीही बदलली. सह्या करताना दादा म्हणाले, "इतके दिवस काय परकी होती?" मला उत्तर सुचले नाही. घरच्या गाडीत सुरक्षित राहण्यासाठी ती घरची न ठेवता एकट्याची करावी लागली. आणि तरीही प्रश्न सुटलेला नाही. रविवारी पुतण्या किल्ली मागायला येतो तेव्हा तो नेमका तिथेच उभा असतो, जिथे मी वर्षभर उभा होतो.