पास, पंचनामा आणि एक वर्ष

‘दावा’ हा शब्द कानांवर पडतांच आपल्या सुशिक्षित घरांतून अजूनहि कांहींसा संकोच उत्पन्न होतो. भाऊबंदकी, जमिनीची वाटणी आणि कोर्टाच्या पायऱ्या एवढेंच चित्र त्या शब्दाबरोबर डोळ्यांपुढें उभें राहतें. घरांतील कर्ता पुरुष लोकलगाडींतून पडून जायबंदी झाला, किंवा गेलाच, तर त्याबद्दल पैसे मागणें हें वडीलधाऱ्या मंडळींस दुःखाचा बाजार मांडल्यासारखें वाटतें. या भावनेची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु कायद्यानें देऊं केलेली रक्कम न मागितल्यानें गेलेल्याचा मान वाढत नाहीं. मुलांची फी मात्र थकते.

मालाडच्या वाचकांस विषयाचें महत्त्व पटवून देण्याची गरज नाहीं. सकाळीं चर्चगेटकडे जाणारी गाडी त्या स्थानकांत शिरते तेव्हां तिच्या दारांतून माणसें आधींच बाहेर लोंबत असतात. याच विरार-चर्चगेट मार्गावरील एका प्रकरणाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२५ मध्यें दिला. ऑक्टोबर २००५ मध्यें भाईंदरहून मरीन लाइन्सला निघालेला एक प्रवासी गाडींतून पडून मरण पावला होता. रेल्वे दावे न्यायाधिकरणानें २००९ सालीं त्याच्या कुटुंबास भरपाई मंजूर केली, तेव्हां रेल्वेनें अपील केलें. दारांत उभें राहणें हा प्रवाशाचा निष्काळजीपणा, असें तिचें म्हणणें. न्यायालयानें तें मानलें नाहीं. सकाळच्या त्या गर्दींत दाराशीं उभें राहण्यावांचून माणसास गत्यंतर नसतें, असें स्पष्ट सांगितलें. दुसरा आक्षेप पासाचा. तो प्रेताजवळ सांपडला नव्हता. परंतु पत्नीनें पास व ओळखपत्र न्यायाधिकरणापुढें हजर केलें, आणि दावा टिकला. निकाल न्याय्य झाला यांत शंका नाहीं. पण मधल्या वीस वर्षांत पहिलीच्या वर्गांतलें मूल शिकूनसवरून नोकरीस लागतें, हेंहि विसरतां येत नाहीं.

१९८९ च्या रेल्वे अधिनियमांत १९९४ सालीं १२४-अ हें कलम घालण्यांत आलें. त्याचें मर्म असें कीं, प्रवासी गाडींतून अपघातानें पडल्यास चूक रेल्वेची होती हें सिद्ध करावें लागत नाहीं. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचें गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेड यांच्या भरांत केलेलें कृत्य आणि नैसर्गिक आजार एवढे अपवाद. चालत्या गाडींत चढतांना पडलेल्या प्रवाशाच्या प्रकरणीं २००८ सालीं, आणि उघड्या दारांतून पडलेल्याच्या प्रकरणीं २०१० सालीं, सर्वोच्च न्यायालयानें भरपाईचा हक्क उचलून धरला. निष्काळजीपणा निराळा व गुन्हा निराळा. २०१८ सालीं त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, जवळ तिकीट मिळालें नाहीं एवढ्यावरून दावा फेटाळतां येणार नाहीं. दावेदारानें प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगावी, पुढें ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर. मृत्यूबद्दलची रक्कम पूर्वीं ४ लाख रुपये होती, ती १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख झाली. दोन्ही हात गमावल्यासहि तेवढीच, आणि कमी इजांसाठीं उतरता तक्ता आहे. रूळ ओलांडतांना बसलेली धडक मात्र या कलमांत बसत नाहीं.

येथें मालाडकरांच्या एका संवयीविषयीं बोलणें भाग आहे. जागा मिळावी म्हणून पुष्कळजण प्रथम उलट बोरिवलीस जातात व तेथूनच बसून येतात. पास असतो मालाड ते चर्चगेट. मालाड-बोरिवली या टप्प्यांत कांहीं घडलें, तर त्या टप्प्याचा वैध पास कोठें आहे हा प्रश्न उभा राहून दाव्यास तेथेंच खीळ बसण्याचा संभव आहे. एवढ्या पुढच्या टप्प्यासाठीं पास वाढवून घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटतें.

रस्त्यावरच्या अपघाताचा न्याय निराळा. पश्चिम द्रुतगती महामार्गावर कोणास मोटारीनें उडविलें, तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरण त्याची मिळकत, वय व अवलंबून असणारीं माणसें पाहून रक्कम ठरवितें. मग ज्या गृहिणीच्या नांवें एक पैहि मिळकत नाहीं, तिचें काय? ३ मार्च १९८९ रोजीं जमशेदपूर येथें टाटा कारखान्याच्या समारंभांत आग लागून अनेक स्त्रिया व मुलें दगावलीं. भरपाई ठरविण्याचें काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांजकडे होतें. तें प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २००१ सालीं ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या कामाचें मोल महिना ३,००० रुपये धरण्यांत आलें. पहांटेपासून रात्रीं झांकपाक होईपर्यंत राबणाऱ्या बाईचें हें मोल आम्हांस तेव्हांहि तुटपुंजें वाटावें असेंच होतें. गृहिणीच्या श्रमास आर्थिक मूल्य आहे हें तत्त्व २०१० व २०२१ च्या निकालांत अधिक ठामपणें मांडलें गेलें. रेल्वेच्या तक्त्यांत हा भेद मुळींच नाहीं: साहेबास जें, तेंच त्याच्या आईस.

घरांत असा प्रसंग आला तर दुःखाच्या पहिल्या आठवड्यांतच एखाद्या शांत डोक्याच्या काकानें किंवा जावेनें कागदांची पिशवी वेगळी काढावी. पास, ओळखपत्र, स्टेशनमास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा (मालाड स्थानक बोरिवली लोहमार्ग ठाण्याच्या हद्दींत येतें), रुग्णालयाचे कागद आणि बिलें; जखमीच्या अपंगत्वाचा दाखला मागाहून मिळतो. पंचनाम्यांत ‘रूळ ओलांडतांना’ असा शब्द चुकून पडला असेल, तर त्याच वेळीं लेखी हरकत घ्यावी, कारण पुढें सारा दावा त्या दोन शब्दांवर अडतो. रुग्णालयाच्या दाराशीं भेटणाऱ्या दलालानें पुढें केलेल्या कोऱ्या कागदावर कोणींहि सही करूं नये.

रेल्वेच्या दाव्यास अपघातापासून एक वर्षाची मुदत आहे. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊं शकतो. मोटार अपघातासाठीं सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाली. तिच्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तरी घरच्यांनीं सहा महिने धरूनच चालावें. वर्षश्राद्ध होईपर्यंत या विषयाचें नांव काढायचें नाहीं असें कित्येक घरांत ठरतें, आणि रेल्वेची मुदतहि तिथीच्या आगेंमागेंच संपते.