ट्रेकचे पैसे भरण्याआधी बर्फाचं विचारा

केदारकांठाच्या जाहिराती सुरू झाल्यात. आपल्या पंचवटीतल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तरी आहेच. नाशिक ते नाशिक, 'स्नो गॅरंटी', तारीख फिक्स, पैसे नॉन-रिफंडेबल. हरिहर, कळसूबाई केलेली आपली पोरं-पोरी हिमालयात जातायत याचा मला आनंदच आहे. माझा आक्षेप त्या 'नॉन-रिफंडेबल'ला आहे.

गेल्या आठवड्यात तीन आयोजकांना फोन केले. नावं लिहीत नाही. ताजा बर्फ पडला तर मागे फिरायचं कोण ठरवणार, आणि पैशांचं काय, एवढंच विचारलं. पहिला म्हणाला, "दादा, गाइड लोकल आहे, टेन्शन घेऊ नका." दुसरा म्हणाला, आजवर कधी काही झालेलं नाही. तिसरा निदान पुढच्या बॅचला ॲडजस्ट करतो म्हणाला. हिमस्खलनाचं बुलेटिन बघता का, यावर तिघंही गप्प.

बुलेटिन असतं, मंडळी. संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था ते काढते. 28 फेब्रुवारी 2025 ला पहाटे बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ रस्ता-कामगारांच्या कॅम्पवर बर्फ कोसळला. 54 जण अडकले, 8 गेले. आदल्या दिवशी संध्याकाळीच चमोलीसह वरच्या जिल्ह्यांसाठी इशारा निघाला होता. ते कामगार पोटासाठी तिथे होते. आपल्याला मात्र थांबता येतं.

आपल्या डोक्यात हिमस्खलन म्हणजे दरडीसारखं, वरून आपोआप येणारं. दरवेळी तसं नसतं. नवा बर्फ जुन्या थरावर नीट बसलेला नसतो. साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर माणसाचं वजन पडलं की अख्खी लादी सुटते. अशा अपघातांत सापडणाऱ्या ट्रेकर्सपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडवलेली असते. सगळ्यात वाईट काळ म्हणजे जोरदार बर्फवृष्टीनंतरचा पहिला एक-दोन दिवस. तेव्हा आकाश निळंशार असतं आणि फोटो सगळ्यात भारी येतात.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचायची शक्यता चांगली, अर्ध्या तासानंतर फारच कमी. खालच्या गावातून मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते. वाचवणार ते शेजारी चालणारेच, आणि तेही बीकन, प्रोब आणि फावडं प्रत्येकाकडे असेल आणि वापरता येत असेल तरच.

केदारकांठाची नेहमीची वाट त्यामानाने सौम्य आहे, बरीचशी जंगलातून जाते. उगाच घाबरवायचं नाहीये. पण तोच ग्रुप पुढच्या एप्रिलमध्ये पांगरचुल्लाच्या उतारावर असतो, आणि सवय तीच. अनुभव पुरेसा असता तर 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली नसती. त्यात 25 हून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढलेली प्रशिक्षक सविता कंसवालही.

आपल्याला हे कळत नाही असं नाही. गंगापूरमधून पाणी सोडलं की रामकुंडावरचे दुकानदार दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी कुठवर चढलं ते बघून सामान हलवतात. त्या दिवशी बाहेरगावचा यजमान "पण आमचं बुकिंग आहे" म्हणाला तर त्याला कोणी पाण्यात उतरवत नाही, विधी वर होतो. बर्फावर मात्र बुकिंगच सगळं ठरवतं. तीस जणांनी पैसे भरलेत, सुट्टी मंजूर, परतीचं रेल्वे तिकीट काढलेलं. अशा वेळी 'आज नको' म्हणणाऱ्या स्थानिक गाइडचं कोण ऐकणार? शिवाय त्याची पुढची बॅच याच आयोजकाच्या हातात.

राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. माझं म्हणणं, इथे पैसे घेऊन हिमालयात नेणाऱ्यांनाही दोन ओळी पावतीवर छापायला लावा: मागे फिरायचा अंतिम शब्द गाइडचा, आणि इशाऱ्यामुळे ट्रेक रद्द झाला तर न झालेल्या दिवसांचे पैसे परत. मेमध्ये केदारनाथला बसेस नेणाऱ्या आपल्या यात्रा कंपन्यांनाही हेच लागू करा. 2023 ला यात्रा सुरू होताच बर्फामुळे नोंदणी थांबवावी लागली होती.

तोवर आईवडिलांनो, पैसे तुम्ही भरताय, फोन तुम्हीच करा. नाशिकमधला कोणी आयोजक हे आधीच लिहून देत असेल तर त्याने कमेंटमध्ये आपल्या पावतीचा फोटो टाकावा. मी ती पोस्ट स्वतः शेअर करेन, फुकटात.