बेट्स बॉस्टनने कधी गमावला?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी वर्ल्ड सिरीजने संपतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर संघ सरावासाठी फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात जमतात. मधले साडेतीन महिने मैदाने ओस असतात, पण पुढच्या वर्षीचा संघ याच काळात ठरतो. कोणाचा करार वाढवायचा, कोणाला मोकळे सोडायचे, कोणाला दुसऱ्या संघाकडे देऊन बदल्यात कोणाला घ्यायचे, हे सारे निर्णय हिवाळ्यात होतात. या काळाला तिकडे ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. कडाक्याच्या थंडीत शेगडीभोवती बसून लोक बेसबॉलच्या गप्पा मारत, त्यावरून हे नाव पडले.

या गप्पांमधले चाहत्यांचे मत भावनेतून आलेले, म्हणून कच्चे, असे मानण्याची पद्धत आहे. बॉस्टन रेड सॉक्सने १० फेब्रुवारी २०२० रोजी आपला सर्वोत्तम खेळाडू मूकी बेट्स लॉस एंजेलिस डॉजर्सला दिला, तेव्हाही चाहत्यांचा संताप असाच बाजूला सारला गेला. तो व्यवहार आज तपासला तर चाहत्यांचा हिशेब पक्का होता आणि संघाचा कच्चा, असे दिसते. चाहत्यांचे चुकले ते एकाच ठिकाणी: त्यांनी रागाची तारीख चुकीची धरली.

बेट्स हा टेनेसी राज्यातला. रेड सॉक्सने २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या फेरीत, १७२व्या क्रमांकावर त्याला निवडले. उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. त्यामुळे सुरुवातीला त्याच्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवल्या नव्हत्या. जून २०१४मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी, तो मुख्य संघात आला. २०१६पासून सलग चार वर्षे त्याने राइट फील्डमधील क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्ह मिळवला. २०१८मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३४६ होती, त्याने ३२ होम रन मारले आणि ३० बेस चोरले. त्या वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रेड सॉक्सने १०८ सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्सनाच ४–१ने हरवले. आपल्याच संघाने शोधलेला, आपल्याच मैदानावर घडलेला असा खेळाडू एखाद्या शहराला पिढीतून एकदा मिळतो.

त्याला ठेवणे अवघड का झाले, हे समजण्यासाठी बेसबॉलचे दोन नियम माहीत हवेत. आयपीएलसारखा लिलाव इथे नसतो. पहिला नियम खेळाडूच्या हक्काचा आहे. मुख्य संघात सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्याच संघाला बांधलेला असतो. साधारण पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो. पुढची तीन वर्षे वेतनावर एकमत झाले नाही तर प्रकरण लवादाकडे जाते. सहा वर्षांनंतर तो ‘फ्री एजंट’ होतो आणि कोणत्याही संघाशी करार करू शकतो. २०१८च्या सुरुवातीला बेट्सने १ कोटी ५ लाख डॉलर मागितले होते, संघाने ७५ लाख देऊ केले होते. लवादाने निकाल बेट्सच्या बाजूने दिला. २०१९मध्ये त्याचे वेतन २ कोटी डॉलर झाले आणि २०२०साठी २ कोटी ७० लाखांवर सहमती झाली. त्याच वर्षाच्या शेवटी तो मोकळा होणार होता.

दुसरा नियम लक्झरी टॅक्सचा. बेसबॉलमध्ये संघाच्या वेतनखर्चाला कडक कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक रेषा ओलांडली की वरच्या रकमेवर कर बसतो. ही रेषा २०१९मध्ये २० कोटी ६० लाख डॉलरांवर होती आणि २०२०मध्ये २० कोटी ८० लाखांवर. पहिल्या वर्षी कराचा दर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० टक्के आणि सलग तिसऱ्या वर्षी ५० टक्के. फारच पुढे गेल्यास जादा अधिभार लागतो आणि ड्राफ्टमधली पहिली निवड दहा जागा मागे जाते. मात्र एक वर्ष रेषेखाली राहिले की घड्याळ पुन्हा पहिल्या वर्षावर येते. रेड सॉक्सने २०१८मध्ये सुमारे १ कोटी २० लाख डॉलर कर भरला आणि २०१९मध्ये १ कोटी ३० लाखांहून अधिक. २०२० हे त्यांचे सलग तिसरे वर्ष ठरणार होते.

आता खरी महत्त्वाची पाने उलटायची ती २०१८–१९च्या हिवाळ्याची. विजेतेपदाच्या आनंदात रेड सॉक्सने पिचर नेथन इव्हाल्डीला चार वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलर दिले. पाठोपाठ मार्च २०१९मध्ये ख्रिस सेल या पिचरचा करार पाच वर्षांनी वाढवला, १४ कोटी ५० लाख डॉलरांना. हा वाढीव करार २०२०पासून लागू होणार होता. करार झाला तेव्हा सेल तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि आदल्या हंगामाच्या उत्तरार्धात खांद्याच्या दुखण्याने बाहेर बसला होता. डेव्हिड प्राइसचा सात वर्षांचा २१ कोटी ७० लाखांचा करार आधीच चालू होता. म्हणजे तीन पिचर, तिघेही प्रौढ, आणि तिघांच्याही वेतनाचा भार नेमका त्या वर्षावर येणार, ज्या वर्षी बेट्सचा प्रश्न सुटायला हवा होता. याच काळात बेट्सशीही बोलणी चालू होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार संघाने दहा वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊ केले होते आणि बेट्सच्या बाजूने बारा वर्षांसाठी ४२ कोटींची मागणी होती. अंतर मोठे होते, पण भरून निघणार नाही एवढे मोठे ते दिसत नाही.

२०१९मध्ये रेड सॉक्सने फक्त ८४ सामने जिंकले. सप्टेंबरमध्ये बेसबॉल विभागाचे प्रमुख डेव्ह डोंब्रॉव्स्की यांना हटवण्यात आले. महिनाअखेरीस मुख्य मालक जॉन हेन्री यांनी २०२०चा खर्च कररेषेच्या खाली आणण्याचा मानस जाहीरपणे सांगितला. ऑक्टोबरमध्ये डोंब्रॉव्स्की यांच्या जागी टँपा बे रेजमधून खाइम ब्लूम यांना आणले गेले. कमी पैशांत चांगला संघ बांधण्यासाठी रेज प्रसिद्ध आहेत, त्यामुळे ही नेमणूकच पुढची दिशा सांगत होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मिनेसोटा ट्विन्सला धरून तीन संघांचा व्यवहार ठरला. ट्विन्सकडून बॉस्टनला मिळणाऱ्या तरुण पिचरच्या वैद्यकीय अहवालावरून तो फिसकटला आणि काही दिवसांनी डॉजर्सशी थेट व्यवहार झाला. बेट्स आणि प्राइस लॉस एंजेलिसला गेले. प्राइसच्या उरलेल्या ९ कोटी ६० लाखांपैकी निम्मी रक्कम बॉस्टननेच भरायची होती. बदल्यात आउटफिल्डर ॲलेक्स व्हर्डुगो, इनफिल्डर जीटर डाउन्स आणि कॅचर कॉनर वाँग आले. त्या वर्षीच्या वेतनपटावरून चार कोटी डॉलरांहून अधिक भार उतरला.

संघाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. बेट्सने फ्री एजंट होऊन आपली किंमत आजमावण्याची इच्छा लपवली नव्हती. तो हंगामाअखेर निघून गेला असता तर बॉस्टनच्या हाती ड्राफ्टमधली एक जादा निवड तेवढी आली असती. त्यापेक्षा तीन तरुण खेळाडू आणि मोकळा वेतनपट बरा, असा हा युक्तिवाद होता. मध्यम बाजारपेठेतल्या, बेताच्या उत्पन्नाच्या संघाने तो केला असता तर तो मान्यही झाला असता.

बॉस्टनच्या चाहत्यांनी तो नाकारला, त्यामागे ठोस कारणे होती. हेन्री यांच्या गटाने हा संघ २००२मध्ये सुमारे ७० कोटी डॉलरांना घेतला आणि २०२०पर्यंत त्याचे मूल्य ३ अब्ज डॉलरांच्या वर गेले. इंग्लंडमधला लिव्हरपूल हा फुटबॉल क्लबही त्यांच्याच मालकीचा आहे. फेनवे पार्क या रेड सॉक्सच्या मैदानाची तिकिटे लीगमधल्या सर्वांत महागड्या तिकिटांत मोडतात, आणि तरीही मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात तिथले ८२० सामने सलग पूर्ण भरले. ही गर्दी एका वर्षाच्या निकालावर जमलेली नव्हती. बॉस्टनभोवतीच्या संपूर्ण न्यू इंग्लंड प्रदेशातल्या घरांत हा संघ आजोबांकडून नातवाकडे येतो. जो समाज दहा वर्षे एकही खुर्ची रिकामी ठेवत नाही, त्याने आपल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी संघाने एक वर्षाचा जादा कर भरावा अशी अपेक्षा करणे हा हट्ट नाही. तो त्याच्या पैशाचा आणि निष्ठेचा रास्त परतावा आहे.

त्यात इतिहासाचीही सल होती. मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यू यॉर्क यँकीजना १ लाख डॉलरांना विकल्याची घोषणा जानेवारी १९२०मध्ये झाली होती. त्यानंतर बॉस्टनला पुढचे विजेतेपद २००४मध्ये मिळाले. आधीचे १९१८चे, मध्ये ८६ वर्षे गेली. रूथच्या विक्रीला बरोबर शंभर वर्षे होत असताना बेट्स गेला. चाहत्यांचे दुःख खुद्द हेन्री यांनीही जाणले. लहानपणी आपण सेंट लुई कार्डिनल्सचे चाहते होतो आणि स्टॅन म्युझियलला कोणत्याही कारणाने दुसऱ्या संघाला दिले असते तर आपलेही मन मोडले असते, अशा आशयाचे बोल त्यांनी व्यवहारानंतर काढले. म्हणजे निर्णय घेणाऱ्यालाही चाहत्यांचा हिशेब समजत होता. त्याने तो वहीत धरला नाही.

पुढे काय झाले ते तारखांनिशी मांडता येते. करोनामुळे हंगाम ६० सामन्यांचा झाला. तो सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, २२ जुलै २०२० रोजी, बेट्सने डॉजर्सशी आणखी बारा वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला. जो खेळाडू फ्री एजंट झाल्याशिवाय राहणार नाही असे बॉस्टनने गृहीत धरले, त्याने नव्या संघासाठी एकही अधिकृत सामना न खेळता सही केली. साथीमुळे बाजार अनिश्चित झाला होता, हे मान्य केले तरी योग्य रकमेला तो बांधून घेण्यास तयार होता, एवढे यातून सिद्ध होते. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सनी टँपा बे रेजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. निर्णायक सहाव्या सामन्यात बेट्सने होम रन मारला. २०२४ आणि २०२५मध्ये तो पुन्हा विजेत्या संघात होता.

रेड सॉक्स २०२०मध्ये २४ विजय आणि ३६ पराभवांसह आपल्या गटात तळाला राहिले. २०२१मध्ये ९२ विजय मिळवून ते अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत पोहोचले, आणि त्याचे श्रेय ब्लूम यांना द्यायलाच हवे. पण २०२२ आणि २०२३मध्ये ते पुन्हा तळाला गेले. बदल्यात आलेल्यांपैकी व्हर्डुगो चांगला खेळला, पण डिसेंबर २०२३मध्ये त्याला यँकीजना दिले गेले. डाउन्स बॉस्टनसाठी अवघे १४ सामने खेळला. वाँग कॅचर म्हणून टिकला. ज्या पिचरसाठी पैसा बांधला गेला होता, त्या सेलच्या कोपरावर मार्च २०२०मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो ते पूर्ण वर्ष खेळला नाही. ब्लूम यांना सप्टेंबर २०२३मध्ये हटवण्यात आले.

सर्वांत बोलका दाखला २०२२चा आहे. ज्या कररेषेसाठी बेट्स दिला, तीच रेषा रेड सॉक्सने त्या वर्षी थोडक्यात ओलांडली आणि तरीही ते तळाला राहिले. हंगामानंतर त्यांच्याच मुशीत घडलेला शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स सॅन डिएगो पाद्रेसकडे गेला, अकरा वर्षांच्या २८ कोटींच्या करारावर. संघ कररेषेच्या वर असल्यामुळे त्याच्या बदल्यात मिळणारी ड्राफ्टमधली निवडही चौथ्या फेरीच्या मागे ढकलली गेली. २०१८च्याच संघातल्या राफेल डेव्हर्सला मात्र जानेवारी २०२३मध्ये मोठा करार देऊन थांबवले. पण संघाशी संबंध बिघडल्यावर जून २०२५मध्ये तोही सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला. बेट्स, बोगार्ट्स आणि डेव्हर्स, २०१८च्या विजेत्या संघाचे भविष्य मानले गेलेले हे तिघेही सात वर्षांत बाहेर पडले.

या साऱ्यातून हिवाळी निर्णय तपासण्याची एक कसोटी हाती येते. चाहत्यांनी करार किंवा व्यवहार जाहीर होण्याच्या दिवसापाशी थांबू नये. प्रत्येक तरुण खेळाडूच्या सहा वर्षांपैकी किती उरली आहेत, आणि ती संपतील त्या वर्षी संघाचा पैसा कोणत्या करारांत अडकलेला असेल, हे दोन आकडे पाहावेत. या कसोटीवर फेब्रुवारी २०२०चा व्यवहार हा परिणाम ठरतो. कारण आहे मार्च २०१९मध्ये, जेव्हा दुखऱ्या खांद्याच्या पिचरला पाच वर्षे मिळाली आणि २६ वर्षांचा बेट्स करारावाचून राहिला. बॉस्टनने बेट्सला तेव्हाच गमावले होते. अकरा महिन्यांनी फक्त कागद झाले. ब्लूम यांच्यावर काढलेल्या रागाचा मोठा हिस्सा त्यांच्या आधीच्या निर्णयांना आणि त्यांना मान्यता देणाऱ्या मालकांना लागू होतो.

हा धडा उशिरा का होईना, बॉस्टनने घेतल्याची चिन्हे आहेत. एप्रिल २०२५मध्ये क्रिस्टियन कँपबेल या नवोदिताला आठ वर्षांचा ६ कोटी डॉलरांचा करार मिळाला. ऑगस्टमध्ये रोमन अँथनी या आउटफिल्डरला, मुख्य संघात येऊन दोन महिनेच झाले असताना, आठ वर्षांसाठी १३ कोटी डॉलर दिले गेले. अँथनी तेव्हा २१ वर्षांचा होता, बेट्स पहिल्यांदा फेनवेवर उतरला त्याच वयाचा.