वाकडी वाट

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. टँकरवाल्याशीही भांडून पावती घेणारे. त्यांची मुलगी या आठवड्यात न्यूयॉर्कला परत गेली, आणि विमान उतरेपर्यंत आमच्या मजल्यावर कुणालाच स्वस्थता नव्हती. काकांच्या मोबाइलवर विमान दाखवणारं ॲप आहे. आमचा चहा व्हायच्या आत बेल वाजली. "तुर्कस्तान आलं!" जणू आम्हालाच उतरायचं होतं.

त्यात काका चिडलेले. माळ्यावरचा पृथ्वीगोल काढून त्यांनी मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघितला होता. दोरा जातो रशियावरून नॉर्वेला, तिथून आइसलंड, मग ग्रीनलंडचं टोक. "मग हे तुर्कस्तानात काय करतायत? एवढी वाकडी वाट कशाला?"

"वाटेत कुणाला सोडायचं असेल," काकू आतून म्हणाल्या.

काकांचा दोरा बरोबर होता. तो साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास भरतो, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसणारी रेघ त्याहून लांब पडते. पण विमानाला भूगोलाबरोबर शेजाऱ्यांची भांडणंही बघावी लागतात. पाकिस्तानने एप्रिल 2025मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. वर जेट स्ट्रीमचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीवर. म्हणून जायला पंधरा-सोळा तास, यायला त्याहून कमी.

माझा राग आहे तो या पंधरा तासांवर. सगळे तेवढेच सांगतात. कोथरूड ते सहार हा प्रवास कुणी धरतच नाही. शेअर कॅब तुम्हाला सगळ्यात आधी घेते, कारण बाकीच्यांना घेताना बघायला कुणीतरी साक्षीदार हवा. मग औंधमधल्या आजी. त्यांना निरोप द्यायला खाली अकरा माणसं, आणि प्रत्येकाच्या पाया पडणं. मग वाकडचा आयटीवाला, जो 'दोन मिनिटांत' खाली येतो. मग निगडी. निगडीला कोण चढणार हे चालकालाही ठाऊक नसतं.

पुढे फूड मॉलला थांबा. आपल्याला भूक नसते, चालकाला असते. घाटात एखादा कंटेनर आडवा. आजी प्रत्येक बोगद्यात विचारतात, "आलं का मुंबई?" आणि मुंबई आली की कळतं, एकाला टर्मिनल वनला जायचंय, पहिला तो. ताशी आठशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानात बसायला आपण ताशी तीस किलोमीटरने जातो, मांडीवर दुसऱ्याची हँडबॅग घेऊन. तिथे पोचून पुन्हा तीन तास नुसतं बसायचं. तीन तास आधी बोलावणाऱ्यांनी कधीतरी निगडीमार्गे येऊन दाखवावं.

हे मी काकांना ऐकवलं. त्यांना पटलं, हे वाईट झालं. मुलगी दिवाळीत परत येणार आहे. तिला आणायला जाणाऱ्या कॅबवाल्याकडे त्यांनी आत्तापासूनच लाइव्ह लोकेशन मागून ठेवलंय. त्याने साफ नकार दिला.

"तुम्हाला दिलं तर मालकही मागेल, काका."