खेळाला अंगण हवे

मोबाइलवरील खेळांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा बंदीच्याच भाषेत. २०१९ च्या फेब्रुवारीत राज्याचे माहिती तंत्रज्ञानमंत्री या नात्याने श्री. रोहन खंवटे यांनी ‘पब्जी’ या खेळाला घराघरांत शिरलेल्या राक्षसाची उपमा दिली आणि त्याला आळा घालणाऱ्या कायद्याची गरज बोलून दाखविली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने तो खेळ बंद केला. पण तो मुलांच्या चिंतेने नव्हे, तर चीनशी निर्माण झालेल्या तणावात देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. पुढच्या वर्षी तोच खेळ नवे नाव धारण करून परतला. राक्षसाने रूप पालटले. पेडण्या-डिचोलीतील मुले मात्र होती तिथेच राहिली.

इतर देशांनी या प्रश्नाला कसे तोंड दिले, हे पाहणे म्हणूनच बोधप्रद ठरेल. जपानमध्ये १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने खेळघरे भरून टाकली आणि १९८३ साली निन्टेंडोचे यंत्र दिवाणखान्यात आले. ही निन्टेंडो कंपनी मूळची १८८९ मधील, पत्ते तयार करणारी. जुन्या खेळाच्या पोटातूनच तेथे नवा खेळ जन्मास आला. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर ‘पीसी बांग’ नावाची संगणकगृहे गल्लोगल्ली निघाली. तरुण तेथे खांद्याला खांदा लावून बसत आणि ‘स्टारक्राफ्ट’ खेळत. त्यातूनच व्यावसायिक स्पर्धा उभ्या राहिल्या. व्यसनाची तक्रार तेथेही झालीच. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत खेळण्यास मनाई करणारा कायदा २०११ साली अमलात आला. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तो मागे घेण्यात आला आणि तो अधिकार पालकांकडे सोपविला गेला. उलट चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढा एकच तास मोजून दिला.

पोलंडची वाट याहून निराळी आहे. आंद्रजेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून तेथील मंडळींनी ‘द विचर’ रचला. २०११ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिली, तीत या मालिकेतील दुसऱ्या खेळाचा समावेश होता! युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांची दैना दाखविणारा ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा पोलिश खेळ २०२० साली तेथील प्रौढ विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनयादीत घेण्यात आला. अलास्कातील इनुपियाक लोकांनी तर वडीलधाऱ्यांच्या तोंडची कथा २०१४ साली ‘नेव्हर अलोन’ या खेळात बसविली. लोकसंख्या मूठभर, पण खेळ स्वतःचा!

या चित्रात आपण कोठे बसतो? आपल्याकडे खेळयंत्र महाग. आखातातून वा बोटीवरून परतणाऱ्या एखाद्याने आणले तर घरात यायचे. मग काही काळ सायबर कॅफे आले नि गेले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि खेळ थेट मुलाच्या तळहातावर येऊन बसला. जपानी मुलाला दिवाणखाना मिळाला, कोरियन तरुणाला संगणकगृह मिळाले; आपल्या मुलाला मिळाला तो कोपरा. आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे. जेथे बघणारा कोणी नाही, शाबासकी देणारा नाही आणि ‘आता पुरे’ म्हणणाराही नाही, तेथे खेळाचे व्यसन व्हायला वेळ लागत नाही.

जुगाराचा प्रश्न याच्या शेजारीच उभा आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोच्या जुगारकक्षात प्रवेश नाही. परंतु खिशातल्या मोबाइलच्या दाराशी पहारेकरी कुठला? २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देणारा कायदा संमत केला. खेळ आणि जुगार यांत भेद करणारा हा विचार योग्यच आहे. पण तो आणखी पुढे जावयास हवा. पैसे मोजून बंद पेटी घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, अशी सोय अनेक खेळांत असते. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरविले. त्या मुलांपुढे ठेवू द्यायच्या की नाहीत, याचे उत्तर आपणही एकदा दिले पाहिजे.

तथापि केवळ मनाई करून भागणार नाही. ग्रामपंचायतीचे सभागृह वा गावचे वाचनालय आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणकावरील खेळांसाठी उघडावे. तेथे एखादा शिक्षक असावा आणि गावागावांतील सामने व्हावेत. कबड्डीच्या सामन्याला जमणारे लोक याही सामन्याला जमतील. शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्यासाठी राज्याची ‘केअर्स’ योजना आहे. त्या तासांना मुलांनी आपलाच एखादा खेळ रचावयास काय हरकत आहे? डिचोलीतील घोडेमोडणीत युद्ध आहे, ताल आहे, वेष आहे. पेडण्यातील मुले दशावतारातल्या संकासुराला भितात आणि त्याच्यावर लुब्धही होतात. खेळ रचायला याहून जिवंत सामग्री कोणती हवी?

परक्यांनी रचलेला खेळ एकट्याने कोपऱ्यात बसून खेळणारी पिढी आपल्याला हवी, की स्वतःचा खेळ रचून चारचौघांत मांडणारी? मनाईचा कायदा दिल्लीत होऊ शकतो. अंगण मात्र गावालाच सारवून द्यावे लागते. पंचायती, शाळा आणि पालक यांनी ते काम आजच हाती घ्यावे, अशी आमची सूचना आहे.