घराजवळची बाग सगळ्या मुलांची हवी

ईदच्या संध्याकाळी नांदेड असो की लातूर, उद्यानांत पाय ठेवायला जागा नसते. नवे कपडे, हातात ईदी, झोक्यापुढे रांग. या गर्दीत व्हीलचेअरवरचं मूल तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. त्यांतली मुलं आपल्या मोहल्ल्यातही आहेत. ती घरात बसून असतात, कारण बागेत त्यांची सोयच नाही.

माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. लातूरला बाजीकडे गेलो की तिला बागेत नेणं हे दोघांचं काम असतं. मोटारसायकली आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून फाटकात लावलेल्या लोखंडी नळ्यांमधून व्हीलचेअर जात नाही. उचलून आत नेली तर चाकं वाळूत रुततात. झोक्याला ना पाठ, ना पट्टा. धाकटा भाऊ खेळतो, ती बघत राहते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲप बनवताना अंध वापरकर्त्याचा विचार सुरुवातीलाच केला तर काम सोपं जातं. नंतर करायचा तर अर्धं ॲप उसवावं लागतं. बागेचंही तसंच आहे. व्हीलचेअर जाईल एवढं फाटक, पक्की सपाट वाट, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प, पाठ आणि पट्टा असलेले दोन झोके, अंध मुलांसाठी आवाज करणारी खेळणी, गोंगाट सहन न होणाऱ्या ऑटिस्टिक मुलांसाठी झाडाखाली एक शांत कोपरा. एवढं टेंडरमध्येच लिहायला हवं.

नागपुरात दिव्यांगांसाठी 'अनुभूती' हे मोठं समावेशक उद्यान उभारण्याची घोषणा 2023 मध्ये झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या भाचीला वर्षातून एकदा नागपूरची सहल नको, रोज संध्याकाळी भावासोबत खेळायला घराजवळची बाग हवी. बंगळुरूत 'किलिकिली' या संस्थेने महापालिकेसोबत कोल्स पार्कसारख्या नेहमीच्या बागाच सर्व मुलांसाठी खुल्या केल्या. मला ती वाट जास्त पटते.

हे मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. तेव्हा मित्रांनो, या रविवारी टेप घेऊन आपल्या वॉर्डातल्या बागेचं फाटक मोजा, फोटो काढा आणि आयुक्तांकडे अर्ज द्या. त्या 5 टक्क्यांतून बागांवर किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात विचारा.

आणि त्याच कायद्यातल्या सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत शाळा आणि धार्मिक वापराच्या इमारतीही येतात, हे विसरू नका. आपल्या उर्दू शाळेच्या मैदानावर, मशिदीच्या पायऱ्यांशी रॅम्प बांधायला कुणाची मंजुरी अडलेली नाही. तिथून आजच सुरुवात करता येईल.