आधी पत्ता, मग उपचार!

मंडळी, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय. आज लिहूनच टाकतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची (गुलेन बॅरी सिंड्रोम) साथ आली. दोनशेच्या वर माणसं आजारी पडली, काही दगावली. सरकारने मोफत उपचार जाहीर केले, चांगलं केलं. पण कसे? पुणे महापालिका हद्दीतल्यांनी कमला नेहरू रुग्णालयात जायचं, पिंपरी-चिंचवडकरांनी वायसीएममध्ये आणि ग्रामीण भागातल्यांनी ससूनला. पाय लुळे पडलेल्या माणसाच्या घरच्यांनी आधी शोधायचं काय? रिक्षा की लाइटबिल?

रोजच्या आकडेवारीतही तेच रकाने. पुणे मनपा, पिंपरी-चिंचवड मनपा, पुणे ग्रामीण, इतर जिल्हे. आणि एक रकाना होता 'नव्याने समाविष्ट गावे'. सगळ्यात जास्त रुग्ण याच रकान्यात!

ही गावं म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी वगैरे. धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, नांदेड-किरकटवाडी २०२१ मध्ये. त्याआधी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद. आणि २०२१ मध्ये गंमत अशी झाली की गावं आली महापालिकेत, पण नियोजनाचे अधिकार दिले पीएमआरडीएला. म्हणजे इमारतींचा आराखडा एकाने करायचा आणि नळाला पाणी दुसऱ्याने द्यायचं. पाणी पुरेना म्हणून विहिरी, टँकर, खासगी आरओचे कॅन. टँकर भरतो एका हद्दीत, रिकामा होतो दुसऱ्या हद्दीत. त्यात क्लोरीन आहे का हे रोज बघायचं कुणी? साथ आल्यावर धावपळ झाली, आरओ प्लांटना सील ठोकली. आधी का नाही?

यात तीन छावणी परिषदा अजून धरल्याच नाहीत. पुणे, खडकी, देहूरोड. त्यांचे दवाखाने वेगळे, कारभार संरक्षण खात्याकडे. बोपोडीहून पूल ओलांडला की दापोडी, महापालिका बदलली. बोपोडीला लागूनच खडकी, तिथे तिसराच कारभार. 'डासांना हद्द कळत नाही' हे वाक्य भाषणात सगळेच टाळ्या घेऊन म्हणतात. मग औषधफवारणीचं वेळापत्रक तरी एकत्र बसून का ठरत नाही?

कुणी म्हणेल, बैठका होतात की! होतात. २०२० मध्ये करोनात पालकमंत्री अजित पवार कौन्सिल हॉलमध्ये आठवड्याला बैठक घ्यायचे. दोन्ही महापालिका, जिल्हा परिषद, सगळे हजर. त्यातून कामंही झाली, नाकारत नाही. पण बैठक मंत्र्याने बोलावली म्हणून झाली. साथ ओसरली, बैठक संपली. मुळात कायदाच १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. तो अधिकार देतो सरकारला आणि सरकार नेमेल त्या अधिकाऱ्याला. शेजारच्या दोन गावांनी एकत्र बसून ठरवावं ही कल्पना त्यात नाही. गोऱ्या साहेबाला ती सुचायचं कारणही नव्हतं म्हणा.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समिती सांगितली. तिच्यात किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेले हवेत. पाणीवाटपासारखे सामाईक प्रश्न तिने पाहायचे. पण तिचं काम विकास आराखड्याचं, साथीचं नाही. आणि जीबीएस आला तेव्हा निवडून आलेलं होतंच कोण? मार्च २०२२ पासून दोन्ही महापालिकांवर आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक.

दोन्ही शहरं एक करा असं मी मुळीच म्हणत नाही. अजून मोठा हत्ती कोण पोसणार? पण बस एकत्र चालवता येते ना? पीएमटी आणि पीसीएमटी २००७ मध्ये एक होऊन पीएमपीएमएल झाली. वाटा ठरला, पुण्याचा ६० टक्के, पिंपरीचा ४०. बसबद्दल तक्रारी ढीगभर आहेत (माझ्याच दहा-बारा असतील), पण भांडायला एक दार आहे. आरोग्याला ते दारच नाही.

मला हवी आहे ती कायद्याने बांधलेली समिती. दोन्ही महापालिका, जिल्हा परिषद, छावण्या, सगळ्यांची. साथ असो नसो, महिन्याला बैठक. टँकर, विहिरींच्या तपासणीचा एकच तक्ता, खर्चाचे वाटे आधीच ठरलेले, मतभेद झाला तर मतदान आणि कोण कुठल्या बाजूला होतं ते इतिवृत्तात छापलेलं. रुग्ण जवळच्या दवाखान्यात जाईल, हिशेब कार्यालयांनी मागून करावा.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. आता विचारायला नगरसेवक आहेत. धायरी-नांदेडकडच्या आमच्या भाचेमंडळींनी आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारावं, की तुमच्या भागात येणारा टँकर भरतो कुठे आणि तिथलं पाणी शेवटचं कधी तपासलं? जे उत्तर मिळेल ते मला कळवा. इथे जसंच्या तसं छापीन.